पायाखालची खडी

भिवंडीच्या मोठ्या गोदामात जमीन ही इमारतीपेक्षा यंत्राशी जास्त नातं सांगते. दहा-दहा मीटर उंच रॅक, मधे अरुंद गल्ली आणि त्या गल्लीतून पॅलेट उचलून जाणारी फोर्कलिफ्ट. तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर धरा. एका चाकाखालची जमीन नुसती ३ मिलिमीटर बसलेली असली, तर खाली उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. पण वर, १० मीटरवर, काट्यांचं टोक २५ मिलिमीटर बाजूला गेलेलं असतं. रॅकला घासायला तेवढं पुरतं. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी अशा काँक्रीटच्या जमिनींवर काढली. गावाकडे कुणी विचारलं, 'काय करतेस गं तिकडे?' तर मी म्हणायचे, 'जमिनींचं काम.' मग चुलते सात-बाराचा उतारा घेऊन शेजारी येऊन बसायचे.

गोदामाची जमीन ओतायची ती बहुतेक रात्री. दिवसा ऊन आणि वारा वरचं पाणी ओढून घेतात. शिवाय हायवेच्या गर्दीत एखादा मिक्सर अडकला की मागचा माल पुढच्याला जुळत नाही, आणि नको तिथे सांधा राहतो. मोठ्या कामाला लेझर स्क्रीड येतो, म्हणजे लेझरने पातळी धरून काँक्रीट सपाट करणारं यंत्र. लहान गोदामात ट्रिमिक्स: काँक्रीट पसरायचं, पट्टी मारायची, वर चटया टाकून पंपाने जादाचं पाणी खेचून घ्यायचं. त्यानंतर काहीच करायचं नसतं, नुसतं थांबायचं. नवख्या इंजिनिअरला नेमकं हेच जमत नाही. माझा पहिला मुकादम बंगालमधल्या मालदाकडचा होता. तो कडेला जाऊन टाच काँक्रीटवर अलगद टेकवायचा, उचलायचा, वाकून ठसा बघायचा आणि म्हणायचा, 'अभी नहीं, मॅडम.' पुन्हा बिडी, पुन्हा टाच. ठसा चार-पाच मिलिमीटरच्या आत आला की फ्लोटर, म्हणजे जमीन घोटायचं फिरतं यंत्र, सुरू. त्याआधी यंत्र घातलं तर पाणी वर येऊन वरचा थर दुबळा होतो. उशीर झाला तर पाती नुसती घासत बसतात आणि जमिनीवर भाजल्यासारखे काळे पट्टे पडतात. पहाटेकडे थाळी काढून पाती लावतात, त्यांचा कोन हळूहळू वाढवत नेतात, आणि आवाज बदलत जातो. आधी ओला, चिकट; शेवटी शेवटी पत्र्यावरून सुरी ओढावी तसा. तो आवाज आला की मुकादम चहा सांगायचा. मोजमापाची उपकरणं माझ्याकडे होती, पण चहाची वेळ ठरायची ती त्याच्या कानावर.

या जमिनीला पुढे पॉलिश करायचं ते शोभेसाठी नव्हे. काँक्रीटचा वरचा थर चाकांखाली झिजतो, त्याची भुकटी होते, ती खोक्यांवर आणि यंत्रांवर बसते. त्यावर एपॉक्सीचा रंग चढवला की काही वर्षांत चाकांच्या वाटेवर पापुद्रे निघायला लागतात. मग असं करून बघितलं गेलं की वर काही लावायचंच नाही, आहे तीच जमीन हिऱ्याच्या दातांनी घासायची, रसायन पाजून घट्ट करायची आणि पुन्हा घासायची. हेच पॉलिश काँक्रीट. धूळ थांबली, झाडझूड सोपी झाली. चमक ही वरकमाई.

ती वरकमाईच पुढे कॅफेवाल्यांच्या, कपड्यांच्या दुकानांच्या आणि नंतर बंगलेवाल्यांच्या नजरेत भरली. आता माझ्याकडे येणारी माणसं फोनवर फोटो घेऊन येतात. राखाडी, सलग, सांधा नसलेली जमीन, तिच्यावर एक लाकडी खुर्ची आणि एक कुंडी. त्या फोटोत माणूस नसतो, पाण्याचा तांब्या नसतो, आणि चपलांचा ढीग तर नसतोच नसतो.

तसं बघितलं तर आपल्याला यात नवल वाटायचं काही कारण नाही. चुन्याचा कोबा आपल्याकडे किती जुना. पुष्कळ किल्ल्यांवर चुन्याची घाणी दिसते, ती गोल चर आणि त्यातलं दगडी चाक. बैल जुंपून चुना मळायचे. जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर चुना आणि विटांचे तुकडे पसरून, त्यावर हिरड्याचं, गुळाचं, बेलफळाचं पाणी शिंपडत, बायाबापड्या ओळीने बसून चोपण्यांनी दिवसचे दिवस बडवायच्या. चोपणं वर उसळायला लागलं की कोबा झाला. विट्रूव्हियस हा रोमन वास्तुकार इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात जमिनीचं वर्णन करताना हेच सांगतो: खाली दगड, त्यावर चुन्यातली खडी, माणसांच्या टोळ्या लावून लाकडी दांड्यांनी चोपलेली, मग तीन भाग कुटलेली खापरं आणि एक भाग चुना. हिरडा त्याच्याकडे नव्हता, एवढाच काय तो फरक.

१८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या शंभरेक वर्षांत ते सिमेंट आपल्या माजघरापर्यंत पोचलं. घाणी सुटली, चोपणी सुटली, दिवसचे दिवस बडवणं सुटलं. गवंडी रंधा मारून, वर सिमेंटची भुकटी शिंपडून थापीने घोटायला लागला. ज्यांना परवडलं त्यांनी लाल ऑक्साइड टाकलं. चिपळूणकडे आमच्या आजोळी असा लाल कोबा होता. आजी त्यावर नारळाच्या सोडणाने, चार थेंब तेल लावून, बसून सरकत सरकत घासायची. ज्यांना आणखी परवडलं त्यांनी टाइल्स घेतल्या. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जच्या सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स जुन्या इमारतींतून अजून दिसतात. मग मोझॅक, मग संगमरवर, मग व्हिट्रिफाइड. प्रत्येक पायरीवर आधीची जमीन गरिबीची ठरत गेली. 'नुसता कोबाच आहे' हे वाक्य मुलगी बघायला गेलेल्या घराबद्दल मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मोझॅकचा उल्लेख आलाच आहे तर थोडं थांबते, कारण पॉलिश काँक्रीट समजून घ्यायला त्याच्याइतका जवळचा नातेवाईक नाही. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात घरं घेतली त्यांना ती घासाई आठवत असेल: फरशा बसल्या की तीन चाकी यंत्र यायचं, कार्बोरंडमचे घासायचे दगड गरगरायचे, दोन-तीन दिवस सगळ्या मजल्याला कानठळ्या, आणि दाराबाहेर पांढरट चिखलाचे ओघळ. त्या फरशीतले तुकडे संगमरवराचे. संगमरवर मऊ; खनिजांच्या काठिण्याच्या दहाच्या मोजपट्टीवर तीनच्या आसपास. कार्बोरंडमला तो सहज ऐकतो. आपल्या काँक्रीटमधली खडी असते काळ्या दगडाची, म्हणजे बसाल्टची, आणि ती सहाच्या घरात जाते. तिच्यापुढे कार्बोरंडमचा दगडच झिजतो आणि काम रडत चालतं. म्हणून हिरा लागतो. धातूत बसवलेले हिऱ्याचे दाणे आधी: ३०-४० नंबरचे, मग ७०-८०, मग १२०; नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. त्यांनी जमीन कापली जाते, चरे पडतात. पुढच्या नंबरचं काम मागच्या नंबरचे चरे काढणं, बस. मधे कुठेतरी डेन्सिफायर ओततात. हे लिथियम किंवा सोडियमचं सिलिकेट. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेतून काँक्रीटमध्ये मोकळा चुना उरलेला असतो. सिलिकेट त्याच्याशी बांधलं जातं आणि छिद्रांमध्ये तोच घट्ट पदार्थ तयार होतो जो काँक्रीटला मुळात धरून ठेवतो. त्यानंतर रेझिनच्या चकत्या: २००, ४००, ८००, हौस असेल तर १५०० आणि ३०००. चारशेला जमीन मंद उजळते, आठशेला खिडकीची चौकट दिसायला लागते, तीन हजाराला पंख्याची पाती मोजता येतात. मी स्वतः घरात आठशेच्या पुढे कुणाला जाऊ देत नाही. पंख्याची पाती मोजायला लोकांनी वर बघावं.

किती खोल घासायचं यावर जमिनीचं रूप ठरतं. वरचेवर फिरवलं तर नुसती सिमेंटची मलई चकाकते, ढगाळ. दीड-दोन मिलिमीटर गेलं की वाळूचे दाणे उघडे पडतात. साइटवर याला सगळे सॉल्ट अँड पेपरच म्हणतात. तीन मिलिमीटरच्या पुढे खडी दिसायला लागते. आणि खडी दिसायला लागली की तुम्ही कुठे राहता ते लपत नाही. बंगळुरूच्या जमिनीत ग्रॅनाइट असतो, राखाडी, मधून गुलाबीसर. पुण्या-नाशकाच्या जमिनीत दख्खनचा लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर देत पसरलेला, सुरुंगाने फोडून क्रशरमधून काढलेला. ओला करून बघितला तर जवळजवळ काळा. एखाद्या दाण्यात पांढरा ठिपका असतो, लाव्ह्यातल्या वाफेच्या बुडबुड्याच्या पोकळीत नंतर भरलेलं झिओलाइट. फोटो घेऊन आलेल्या एका जोडप्याला युरोपातल्या कुठल्या तरी घरासारखी पांढऱ्या गोट्यांची जमीन हवी होती. मी त्यांना खेड शिवापूरच्या बाजूच्या खाणीवर घेऊन गेले. डोंगर निम्मा कापलेला, थरावर थर उघडे, आणि वर ट्रकांची रांग. म्हटलं, तुमचा हॉल हा इथून येणार आहे. गोटे हवे असतील तर आणावे लागतील आणि ते आणल्याचे दिसतील. नवरा गप्प झाला. बायको म्हणाली, 'काळी चालेल की.' खरं तर तिला काळी आवडली होती, हे मला तिच्या हातातल्या खड्यावरून कळलं. तो तिने पर्समध्ये टाकला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येते. ही जमीन अशी आहे जी दुकानातून निवडता येत नाही. फरशी तुम्ही बघून, वाजवून, दोन दुकानं फिरून घेता. ही तुमच्या घरातच तयार होते आणि तयार होताना तिथे जे जे घडलं ते सगळं धरून ठेवते. आणि जे घडतं त्यात सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात कमी मजुरीचं असतं: पाणी मारणं.

सिमेंट वाळून घट्ट होतं असं अजून पुष्कळ शिकलेल्या माणसांना वाटतं. ते पाणी पिऊन घट्ट होतं. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान सात दिवस ओल धरायला सांगतं, मिश्र, म्हणजे राख किंवा स्लॅग मिसळलेल्या, सिमेंटला दहा. आणि आज बाजारात मिळणाऱ्या पोत्यांपैकी बरीचशी मिश्र सिमेंटचीच असतात. एखाद्या कॉलमला पाणी कमी पडलं तर वरचा पापुद्रा कच्चा राहतो, पण आत गाभा ओल धरून असतो, आणि पापुद्र्यावर गिलावा चढतो. झाकलं जातं. इथे पापुद्रा हीच जमीन. तोच चालायचा, तोच घासायचा, त्याच्याचकडून चमक मागायची. म्हणून मी पॉलिशवाल्याआधी वॉचमनच्या बायकोशी ओळख करून घेते. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी ती बाई, तिचा पाइप, तिची गोणपाटं, तिने कडेने मातीची आळी बांधून हॉलभर साठवलेलं दोन बोटं पाणी, हे माझ्या दृष्टीने या धंद्यातलं खरं यंत्र. तिला ठेकेदार वेगळे पैसे देत नाही; 'राहायला जागा दिलीय ना' म्हणतो. मी मालकाला सांगून तिचे पैसे वेगळे काढून घेते, आणि अंदाजपत्रकात ती ओळ वरच्या बाजूला लिहिते.

तळेगावकडच्या एका बंगल्यावर हे झालं नाही. एप्रिल महिना, बोअर आटलेली, टँकरचे पैसे कुणी द्यायचे यावर मालक आणि ठेकेदार यांची जुंपलेली. मला बोलावलं ते घासायच्या वेळी. हॉलचा आतला निम्मा भाग चारशेलाच छान उजळला. पश्चिमेच्या मोठ्या काचेसमोरचा निम्मा, जिथे दुपारचं ऊन यायचं, तो आठशेपर्यंत नेला तरी खडूसारखा. बोटाने घासलं की पांढरी भुकटी. डेन्सिफायर दोनदा पाजला. विकणारे काहीही सांगोत, डेन्सिफायर मोकळ्या चुन्याशी बांधला जातो. जिथे सिमेंटचं धड सिमेंटच झालं नाही तिथे त्याने कुणाशी लग्न लावायचं? ती सीमारेषा अजून तिथे आहे, काचेच्या सावलीच्या आकाराची. वर गालिचा आहे.

पाणी धरायला प्लास्टिकचा कागद अंथरतात, त्याचीही एक गंमत आहे. कागद जिथे चिकटून बसतो आणि जिथे सुरकुती पडून वर उचलला जातो, तिथे रंग वेगळा होतो. काढल्यावर जमिनीवर काळसर नद्यांचे नकाशे. खोल घासलं तर बरेचसे जातात, वरचेवर घासलं तर राहतात. कुणाला ते डाग वाटतात, कुणी त्याचेच जादा पैसे देईल. आधी विचारून ठेवावं.

धुळीबद्दल दोन शब्द, आणि ते बोलताना माझा आवाज चढतो. कोरडं घासलं की जी धूळ उडते तिच्यात स्फटिकी सिलिका असते, मुख्यतः वाळूतली. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने आठ तासांच्या पाळीत हवेच्या प्रत्येक घनमीटरला सरासरी ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. आपल्या साइटवर नाकाला रुमाल बांधलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा यंत्रामागे चालत असतो आणि संध्याकाळी त्याच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असतात. एक तर पाणी सोडून घासा आणि राखाडी चिखल सोसा, नाहीतर यंत्राला नीट व्हॅक्यूम लावा आणि पोराला रुमालाऐवजी खरा मास्क द्या. 'धूळविरहित' असं छापून घेणाऱ्या ठेकेदाराला व्हॅक्यूम चालू करून दाखवायला सांगावं, नुसता दाखवायला नाही.

घरासाठी ही जमीन चांगली का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझं उत्तर ऐकून लोकांचा विरस होतो. तळमजल्याचा बंगला असेल, स्लॅबखाली जाड प्लास्टिकचा कागद घातलेला असेल, म्हणजे जमिनीतली ओल वर चढून क्षार फुलणार नाहीत, आणि महिनाभर कुणाची घाई नसेल, तर जरूर करा. कोकणात तर तो कागद विसरलात तर पहिल्याच पावसाळ्यात कळेल. फ्लॅटमध्ये मात्र माझा हात आखडता. ५० मिलिमीटर काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला १२० किलो. जुनी फरशी आणि तिच्याखालचा मसाला काढून तेवढ्याच जाडीत बसत असेल तर बोलणं होऊ शकतं, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने हो म्हटल्यावर. आहे त्या फरशीवर ओतायचं म्हणत असाल तर नको. दोन-तीन मिलिमीटरचा जो लेप पॉलिश काँक्रीट म्हणून विकला जातो तो दिसायला तसा असतो, पण ते लेपण आहे. झिजलं की पुन्हा लेपायचं, घासायला आत काही नसतं. आणि 'फरशी वाचली म्हणजे पर्यावरणाला बरं' हे तेव्हाच खरं, जेव्हा स्लॅब आधीपासून आहे आणि तुम्ही त्यालाच घासता. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. चांगल्या फरशा फोडून त्याजागी नवं काँक्रीट ओतून कुणी हिरव्या पानाचं चित्र लावू नये.

मग स्वयंपाकघर. एका घरी सासूबाईंनी मला थेट विचारलं, 'ताई, लिंबू सांडलं तर?' सून अवघडली. मला मात्र त्यांना मिठी मारावीशी वाटली, कारण आर्किटेक्टसुद्धा हा प्रश्न विचारत नाहीत. मी पिशवीतून नमुन्याची लादी काढली आणि त्यांच्याकडूनच लिंबाची फोड मागून घेतली. फोड पालथी ठेवली. कडेने अगदी बारीक बुडबुडे, जवळ वाकलं तरच दिसणारे. पाच-सात मिनिटांनी उचलली, पुसली. चमकत्या लादीवर लिंबाएवढं एक मंद वर्तुळ. ओलं पुसून जाणारं नव्हे, कारण तो डाग नसून खरवडलं गेलेलं असतं. आम्लाने चुना खाल्लेला. चिंचेचा कोळ, आमसुलाचं आगळ, ताक, व्हिनेगर, सगळ्यांची हीच तऱ्हा. वर सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, असतो, तो वेळ देतो. लगेच पुसलंत तर वाचलं. हळद-तेलाचंही तसंच. संगमरवराची गतही काही वेगळी नसते, आणि शहाबादी फरशी तर चुनखडीचाच दगड. पण ती मुळात खरखरीत आणि बिनचमकीची, म्हणून आपल्या आज्यांना तिच्यावर सांडलेल्या चिंचेचा पत्ता लागला नाही. चमक असली की तिचं जाणं दिसतं.

सासूबाईंनी वर्तुळावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'माझं स्वयंपाकघर सोडा, बाकी तुमचं चालू द्या.' तसंच केलं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात व्हिट्रिफाइड, बाकी काँक्रीट. जिन्याच्या पायथ्याशी, जिथे ओले पाय येतात, तिथे चारशेवरच थांबवलं. दिवाळीआधी मोलकरणीच्या हाती ते पिवळं ॲसिड द्यायचं नाही, एवढं मात्र सुनेकडून कबूल करून घेतलं. मोझॅकच्या काळापासून आपल्याला ॲसिडने फरशी धुवायची जी सवय लागलीय, तिने मी केलेली एक सुंदर जमीन एका सकाळीत मारली आहे. साधा, ना आंबट ना खारा साबण आणि पाणी. फिनाईलही नको.

भेगांचं काय, हे राहिलंच. भेगा पडतात. काँक्रीट आक्रसतं आणि त्याला कुठेतरी फाटायचं असतं. आपण फक्त जागा सुचवू शकतो: ओतल्यापासून साधारण दिवसाच्या आत, स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल चर कापायचे, म्हणजे फाटलं तर त्या सरळ रेषेत फाटेल. जुने गवंडी कोब्यात चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या घालायचे ते याच कारणाने, नक्षी वाटायची. फोटोतल्या सलग जमिनीचं वेड लागलेले लोक चर नको म्हणतात. मग जमीन स्वतःचा चर स्वतः पाडते, आणि तिला सरळ रेषेची हौस नसते. आजोळच्या लाल कोब्यात देवघरापासून पडवीपर्यंत एक भेग होती आणि आम्हा पोरांच्या गोट्या तीत नेमक्या अडकायच्या. घरातल्या कुणी कधी ती बुजवायचं नाव काढलं नाही. आजच्या मालकाला असं सांगून चालत नाही. त्याने चौरस फुटाने पैसे मोजलेले असतात. करार करतानाच लिहून घ्यावं: केसासारख्या भेगा येतील, त्या भरून मिळतील, दिसेनाशा होणार नाहीत.

धंद्याच्या जागेत याचं एवढं कुणाला वाटत नाही. म्हणूनच माझं मन अजून दुकानं आणि गोदामांकडे जास्त ओढ घेतं. दुकानाची जमीन भाडेकरूंबरोबर बदलत असते, आणि काँक्रीटची जमीन बदलताना फेकावी लागत नाही. दहा वर्षांनी दोन नंबर मागे जाऊन पुन्हा वर आलं की झालं. सिंहगड रस्त्यावरच्या एका गाळ्यात आधी कपड्यांचं दुकान होतं. त्याच्या फरशा उखडल्यावर खालचं काँक्रीट चांगलं निघालं, म्हणून नव्या भाडेकरूने, एका डॉक्टरांनी, मला बोलावलं. घासून दाखवलं. दोनशेला जमिनीतून जुन्या फरशांची चौकडी वर आली, फरशी नसलेल्या जमिनीवर फरशांच्या सांध्यांच्या फिकट रेषा. सांध्यातून वर्षानुवर्षं हवा-पाणी वेगळं झिरपलेलं असतं, तो रंग वरच्या दोन मिलिमीटरमध्ये राहत नाही, आत जातो. एका कोपऱ्यात चार भोकं चौकोनात, ट्रायल रूमची. काउंटर होता तिथे एक लांबट उजळ पट्टा. मला ते फार आवडलं. समोरच्या कॉफीवाल्याने येऊन बघितलं आणि त्यालाही आवडलं. 'माझ्याकडे अशी भुतं निघतील का?' म्हणाला.

डॉक्टरांना नाही आवडलं. 'पेशंटला वाटेल नीट पुसत नाही,' म्हणाले. शिवाय त्यांच्याकडे बीटाडीन सांडणार, भिंत आणि जमीन जिथे मिळते तो कोपरा गोल हवा म्हणजे घाण साठणार नाही, आणि सफाईची बाई काय ओतेल याची खात्री कुणी द्यायची. मी दोनशेवर काम थांबवलं, तेवढ्याचं बिल केलं आणि त्यांना व्हिनाइलवाल्याचा नंबर दिला. दवाखान्याला तेच बरोबर होतं.